विश्वस्ताची विनंती

नदी चढायच्या आधी माणसं हलवायची, हे अभिनंदन मगदूमचं काम होतं. सांगलीच्या पूर-अंदाज केंद्रात तो बारा वर्षं होता. वर कोयनेच्या खोऱ्यात किती पाऊस झाला, धरणातून किती पाणी सुटलं, यावरून कृष्णा सांगलीत किती तासांनी किती फूट चढेल, हे तो सांगायचा. अंदाज चुकला आणि पाणी आलंच नाही, तर लोक दोन दिवस शिव्या घालत. पाणी आलं आणि इशारा दिलेला नसला, तर मात्र माफी नव्हती. शंका आली की वाट बघत बसायचं नाही, हे बारा वर्षांत त्याच्या अंगात मुरलं होतं.

घरीही तो असाच वागत गेला.

त्याची बायको केतकी मूळची वेंगुर्ल्याची. मिरजेला मुलांना बोलायला शिकवण्याचं केंद्र होतं, तिथे ती काम करायची. अडखळणारी मुलं, उशिरा बोलू लागलेली मुलं, कानात यंत्र बसवल्यावर पहिल्यांदाच ऐकू आलेली मुलं. तिचा कान विलक्षण होता. फोनवर नुसतं ‘हॅलो’ ऐकून ती समोरच्याला विचारायची, “घसा दुखतोय का रे?” आणि दुखत असायचा.

एकतिसाव्या वर्षी तिला बायपोलर आजार असल्याचं निदान झालं. बऱ्याच रुग्णांना या आजाराची टोकं महिन्या-महिन्यांनी गाठतात. केतकीचा प्रकार वेगवान होता. सोमवारी ती केंद्रातल्या चाळीस मुलांचा कार्यक्रम ठरवायची, हॉल बघून यायची, साठ जणांना फोन करायची, बोलता बोलता तीन वाक्यं एकमेकांत गुंतायची. बुधवारी तिला अंथरुणातून उठून तोंड धुणंही जमायचं नाही. शनिवारी पुन्हा साठ फोन. औषधं चालू होती, पण त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागायचे आणि तोवर तिचं मन चार वेळा वर-खाली होऊन आलेलं असायचं.

एका दुपारी ती अभिनंदनला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर सापडली. कठड्याला धरून उभी होती. त्यानं हाक मारली तशी ती वळली आणि निमूटपणे त्याच्याबरोबर घरी आली. पुढे कित्येक महिने ऑफिसमध्ये त्या पुलापाशी मोजलेली पाण्याची पातळी वाचताना त्याला तो कठडा दिसायचा.

मग २०४३ साली ‘तोल’ आला. यंत्राचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण डॉक्टरही त्याला तोलच म्हणत. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. शहनाज मुजावर यांनी दोघांना समोर बसवून ते समजावून सांगितलं.

“प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असतं. झोप, भूक, अंगातली ऊब, बोलण्याचा वेग, सगळं त्याच्या तालावर चालतं. केतकीच्या आजारात मन हेलकावे खाण्याआधी हा ताल बिघडतो. साधारण चाळीस तास आधी. तिला स्वतःलाही तेव्हा काही जाणवत नसतं. पण पहाटेचं अंगाचं तापमान किंचित सरकतं, बोलताना दोन शब्दांमधली जागा कमी होते, बोटांच्या हालचाली बदलतात. मनगटावरचा पट्टा हे सगळं टिपतो.”

“आणि मग?” केतकीनं विचारलं.

“गळ्याच्या हाडाखाली एक चकती बसवतो. नाण्याएवढी. तिथून एक बारीक तार मानेतल्या मज्जातंतूपर्यंत जाते. तो मज्जातंतू थेट मेंदूकडे जातो. त्यातून अगदी सौम्य स्पंदनं दिली की घड्याळ पुन्हा तालावर येतं. छोट्या दुरुस्त्या तोल आपला आपण करतो. मोठी असेल तर विचारतो.”

“कुणाला?”

“तुला. पण हेलकावा सुरू झालेला असला तर तुझा त्या वेळचा निर्णय कितपत तुझा, हा प्रश्न येतो. म्हणून तू बरी असताना एक माणूस निवडून ठेवायचा. आम्ही त्याला विश्वस्त म्हणतो. त्याच्या अंगठ्याशिवाय मोठी दुरुस्ती होत नाही. आणि घरात असं काही दिसलं जे यंत्राला दिसत नाही, तर विश्वस्त स्वतःही दुरुस्ती मागू शकतो. ती सोय फक्त आणीबाणीसाठी आहे.”

मोठी दुरुस्ती एकदा दिली की तीन-चार दिवस टिकायची आणि मधेच थांबवता यायची नाही. त्या काळात सगळ्याच भावनांची धार बोथट व्हायची, हेही डॉक्टरांनी सांगितलं. केतकीनं अभिनंदनकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ त्याचं नाव सांगून टाकलं.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. दोघांच्या फोनवर तोलाची रंगीत पट्टी दिसायची. ती हिरवीची पिवळी व्हायची, पुन्हा हिरवी व्हायची. केशरी झाली की तोल विचारायचा. मग दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायची, ती म्हणायची, “दे,” आणि तो अंगठा टेकवायचा. दुरुस्तीच्या दिवसांत ती जरा संथ असायची. “जाड स्वेटर घालून आंघोळ केल्यासारखं वाटतंय,” असं म्हणायची आणि हसायची. ती कामावर परतली. मुलं बोलायला लागली. अभिनंदन रात्रीचा गाढ झोपू लागला.

दुसऱ्या वर्षी त्याच्या थोरल्या भावानं जयसिंगपुरात घर बांधलं. वास्तुशांतीला सगळे पाहुणे जमलेले असताना वहिनींनी पंगतीत, केतकी समोर बसलेली असताना, अभिनंदनला विचारलं, “भाऊजी, ही आता बरी असते का? वाढायला उठवलं तर चालेल ना?”

केतकीनं ताट सरकवलं. “मला विचारा की, वहिनी. मी इथेच बसलेय.”

तिचा आवाज चढला होता. लोक बघू लागले. गाडीत बसल्यावरही ती थांबेना. “तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्याबद्दल तुला विचारतात आणि तू मान डोलावतोस!”

अभिनंदननं फोन काढून बघितला. पट्टी हिरवी होती. तो क्षणभर थांबला. मग ‘विश्वस्ताची विनंती’ उघडून त्यानं अंगठा टेकवला. संध्याकाळपर्यंत केतकी शांत झाली. चहा पिताना म्हणाली, “जाऊ दे. वहिनींचा स्वभावच तसा आहे.”

त्याला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे त्याच्या ध्यानातही आलं. पण भांडण टळलं, तिलाही त्रास झाला नाही, यात वाईट काय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी असं होत गेलं. एकदा ती नोकरी सोडून स्वतःचं केंद्र काढायचं म्हणाली तेव्हा. एकदा तिनं त्याच्या आईशी वाद घातला तेव्हा. एकदा तर ती फार आनंदात होती, नुसती गात होती, आणि त्याला त्या गाण्याची धास्ती वाटली तेव्हा. तिला तो सांगायचा, तोलानं विचारलं होतं. पूर आला नाही की गावातले लोक ऑफिसात येऊन त्याला जाब विचारायचे. घरात जाब विचारणारं माणूसच त्याच्या अंगठ्यानं गप्प होत होतं.

तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरातला तो शनिवार. सोमवारी पुण्याहून मोठे अधिकारी येणार होते आणि त्यांच्यापुढे अभिनंदनला पुराचं नवं गणित मांडायचं होतं. सकाळी तो कागद पसरून बसला असताना केतकी स्वयंपाकघरातून फोन हातात धरूनच बाहेर आली.

“अभि, आईला श्वास पुरत नाहीये.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली काहीच नाही. बरी आहे म्हणाली. पण वाक्य पुरं होत नाही तिचं. ‘रेडकरीण येऊन’ म्हणते, थांबते, मग ‘गेली’ म्हणते. आई अशी कधी बोलत नाही. मधेच श्वास घेतेय ती. आपण आत्ता निघू या.”

“आत्ता? पाच तासांचा रस्ता आहे. सोमवारी माझं काय आहे ते तुला माहितीये.”

“मग मी एकटी जाते.”

तिनं बॅग काढली. कपाटातून साड्या काढल्या, परत ठेवल्या, पुन्हा काढल्या. औषधांची यादी शोधली. नाश्त्याला हात लावला नाही. बोलत होती भराभर. आईचे पाय सुजलेत का ते शेजारच्या रेडकरकाकूंना विचारायला हवं, सावंतवाडीच्या डॉक्टरांना सांगून ठेवायला हवं, आंबोलीचा घाट दिवसाउजेडी उतरायला हवा. अभिनंदनला ते वेगवान बोलणं ओळखीचं वाटलं. त्यानं पट्टी बघितली. पिवळी. शंभरात सेहेचाळीस. सत्तरच्या पुढे गेल्याशिवाय तोल विचारत नसे.

खात्री करावी म्हणून त्यानं गच्चीवर जाऊन सासूबाईंना फोन लावला.

“आई, तब्येत कशी आहे? केतकी काळजीत आहे.”

“माका काय एक जाला नाय ओ,” त्या म्हणाल्या. “थोडो खोकलो आसा. तिका सांगा... मी बरी आसंय. तुमी कशाक काळजी करतास?”

‘सांगा’नंतर त्या थांबल्या होत्या. त्यानंही ते ऐकलं. पण ते मोजायला त्याला केतकीचे कान नव्हते, आणि त्या क्षणी ते नकोही होते. त्याला हवं होतं ‘बरी आसंय’, आणि ते त्याला मिळालं होतं.

खाली येईपर्यंत केतकी चपला घालत होती. “गाडीची किल्ली दे.”

“अशा अवस्थेत घाटात गाडी चालवणार तू?”

“कसली अवस्था? अभि, मला काही झालेलं नाही. आईला झालंय!”

तो आत गेला. दार लोटलं. विनंती उघडली. यंत्रानं कारण विचारलं आणि यादी दाखवली. त्यातलं ‘निराधार काळजी’ त्यानं निवडलं आणि अंगठा टेकवला.

तो बाहेर येऊन तिची समजूत घालत राहिला, चहा कर म्हणाला, पाच मिनिटं बस म्हणाला. तासाभरानं केतकीनं चपला काढल्या. बॅग दाराशीच राहिली. “मंगळवारी जाऊ या,” ती म्हणाली. “सोमवारी तुझं काम होऊ दे.” दुपारी दोघं नीट जेवली.

सोमवारी सकाळी रेडकरकाकूंचा फोन आला. सासूबाई पडवीतल्या खुर्चीतच गेल्या होत्या.

सांगलीहून वेंगुर्ल्यापर्यंत केतकी खिडकीबाहेर बघत बसली होती. गावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलं होतं, आठवडाभर फुप्फुसांत पाणी साठत होतं. “शनिवारी वगैरे आणलं असतं तर...” असं बोलून गेले आणि मग केतकीकडे बघून थांबले. घर बायकांनी भरलं होतं. सगळ्या तिच्या रडण्याची वाट बघत होत्या. केतकी आल्यागेल्यांना पाणी देत होती, सतरंज्या घालत होती. एक म्हातारी केतकीकडे बघून दुसरीला म्हणाली, “काळीज दगडाचा आसा गो चेडवाचा.” अभिनंदननं ते ऐकलं. केतकीनंही ऐकलं असणार. तिला सगळंच ऐकू यायचं.

मागल्या अंगणात ती त्याला म्हणाली, “मला कळतंय की मला रडायला हवं. ते आत कुठेतरी आहे. माझा हात पोचत नाहीये तिथे.”

आईला ती कोरड्या डोळ्यांनी पोचवून आली.

बुधवारी दुरुस्ती ओसरली. केतकी आईचं कपाट उघडून उभी होती, आणि एकदम खाली बसली. नंतर तासभर ती जशी रडली तसं माणूस रडताना अभिनंदननं कधी बघितलं नव्हतं. तो शेजारी बसून राहिला. रडणं थांबल्यावर तिनं तोंड पुसलं आणि विचारलं, “शनिवारी तोलानं विचारलं होतं का रे?”

तो म्हणाला, “हो.”

“बरं,” ती म्हणाली. “मग तुझा काय दोष.”

त्यानंतरचे तीन महिने अभिनंदन त्या ‘हो’सकट जगला. सोमवारी चुकलेली बैठक पुढच्या आठवड्यात झाली, त्याचं गणित मंजूर झालं, पेपरात नाव आलं. कशाचीच चव लागली नाही. तोलाची सगळी नोंद वार्षिक तपासणीत रुग्णाला वाचायला मिळते, हे त्याला ठाऊक होतं. तपासणी जानेवारीत होती. डिसेंबरभर तो मनाशी वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. कधी वाटायचं, आधीच्या वर्षीसारखीच ती नोंद वाचणारच नाही. तिचा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. नेमकं हेच मनात आलं की त्याला स्वतःची शिसारी यायची.

एके दिवशी तो तिला आणायला मिरजेला गेला. केतकी आत होती. तिची सहकारी विनया बनसोडे बाहेर व्हरांड्यात भेटली. दोघी दहा वर्षं एकत्र काम करत होत्या.

“एक विचारू का?” विनया म्हणाली. “केतकीला काय झालंय? पूर्वी पोरगं एक शब्द बोललं की सांगायची, जीभ कुठे अडते ते. हल्ली सगळं रेकॉर्ड करते आणि यंत्रात टाकून बघते. मी म्हटलं, अगं तुला तर कळतं की. तर म्हणाली, मला वाटतं ते खरं असतंच असं नाही.”

अभिनंदन तिथेच कट्ट्यावर बसला. मुलं पालकांचा हात धरून गेली. विनया गेली. मग तो वर्गात गेला. केतकी लाकडी ठोकळे डब्यात भरत होती.

“शनिवारी तोलानं विचारलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी मागितलं होतं.”

तिचे हात थांबले.

त्यानं सगळं सांगितलं. सेहेचाळीस हा आकडा, गच्चीवरचा फोन, यादीतून निवडलेलं कारण. “आणि ते एकदाच नव्हतं. अकरा वेळा.”

“कुठल्या कुठल्या?”

“केतकी...”

“सांग. एकेक करून.”

तो सांगत गेला. जयसिंगपूर. स्वतःचं केंद्र. त्याच्या आईशी झालेला वाद. गाण्याचा दिवस. अकरावी वेळ, म्हणजे तो शनिवार, सांगून झाल्यावर ती मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसली.

“वेंगुर्ल्यात तू ‘हो’ म्हणालास ना,” ती म्हणाली, “त्याच्या आधी तू थांबला होतास. मी ऐकलं होतं ते. खोटं बोलणारं माणूस तसं थांबतं. मला कळलं, आणि मी मलाच म्हटलं, गप्प बस, हा तुझा आजार बोलतोय. आईच्या वेळीही मला बरोबर ऐकू आलं होतं, अभि. मला सगळं बरोबर ऐकू येत होतं. तू मला ते खोटं आहे म्हणून शिकवलंस.”

“मला भीती वाटायची. त्या पुलानंतर...”

“मला नाही वाटत? तो पूल माझ्याही डोळ्यांपुढे असतो. मी यंत्र काढणार नाही. ते मला हवंय.” ती उठली आणि उरलेले ठोकळे डब्यात टाकले. “त्यात तू नको आहेस.”

जानेवारीत डॉ. मुजावरांनी नोंद वाचली आणि चष्मा काढून ठेवला. “विनंतीची सोय आम्हीच ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “दर तीन महिन्यांनी मी तुमची हिरवी पट्टी बघायची आणि समाधानानं पुढचा पेशंट बोलवायची. त्या शांततेतली कुठली केतकीची आणि कुठली दुसऱ्या कुणी आणलेली, हे मी एकदाही तपासलं नाही.” मग विश्वस्त म्हणून विनया बनसोडेचं नाव घातलं गेलं. अभिनंदनचा अंगठा काढून टाकण्यासाठी त्याला एकदा शेवटचा अंगठा टेकवावा लागला.

केतकी घर सोडून गेली नाही. लोकांना वाटलं, सावरली मंडळी. ती वेळेवर कामावर जायची, जेवताना दिवसभराचं सांगायची. रेकॉर्डिंग यंत्रात टाकणं तिनं बंद केलं, असं विनयाकडून कळलं. मात्र अभिनंदनशी बोलताना तिचा आवाज एका पातळीवरच राहायचा. मुलांच्या पालकांशी बोलावं तसं स्वच्छ, नेमकं, सौम्य बोलायची. प्रत्येक वाक्य आधी मनात तोलून मग बाहेर काढायची. त्याच्यासमोर ती रागावली नाही, रडली नाही, गायली तर नाहीच. अकरा वेळा यंत्राला सांगून त्यानं जे मिळवलं होतं, ते आता काही न करता त्याला रोज मिळत होतं.

एकदा तिच्या वाढदिवसाला तो मुद्दाम उशिरा घरी आला. तिनं चिडावं, जाब विचारावं, दार आपटावं, एवढंच त्याला हवं होतं. ती म्हणाली, “काम असेल. जेवण गरम करते.” आणि खरोखरच केलं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी तो लवकर परतला. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत केतकी फोनवर विनयाशी बोलत होती. केंद्राच्या नव्या व्यवस्थापकानं काहीतरी आचरट नियम काढला होता आणि ती त्याची नक्कल करत होती, चिडत होती, मधेच खदखदून हसत होती, वाक्यात वाक्य घुसत होतं. “नाही गं, पिवळीच आहे, बघितलंय मी,” ती म्हणाली, “आणि केशरी झाली तर होऊ दे, मी रागावलेच आहे!” पुन्हा हसली. तो आवाज अभिनंदननं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

तो दारात उभा राहिला. आत जावंसं फार वाटलं. पण त्याची चाहूल लागली असती, तर तिनं आवाज खाली घेतला असता. पायातले बूट न काढताच तो जिना उतरला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत खाली रस्त्यावर थांबला.